रोइंग मशीनसोबत काय घ्यावं, काय घेऊ नये?

काठावरची

घरच्या रोइंग मशीनबरोबर घ्यायच्या वस्तूंची यादी कुठेही पाहिली तरी साधारण सारखीच असते. सीटवरची उशी, हातमोजे, खाली घालायची मॅट, हृदयगती मोजणारा पट्टा, टॅबलेट लावायचा होल्डर, कव्हर आणि साफसफाईचं सामान. बरेच विक्रेते या सगळ्याचा संचच करून देतात.

माझं मत असं की संच घेऊ नये. शरीर मशीनला तीनच ठिकाणी टेकतं: तळपाय, बैठक आणि तळहात. यातलं नेमकं काय दुखतंय हे कळायच्या आधी वस्तू घेतली तर ती बहुतेक वेळा चुकीची निघते. मशीनच्या देखभालीला लागणाऱ्या वस्तू मात्र पहिल्या दिवसापासून हव्यात.

इथे वेगवेगळी मशीनं वापरणारे बरेच जण आहेत. हवेचं, पाण्याचं, चुंबकीय, ज्याचं जे असेल त्याबद्दल नेमकं लिहा. आकार, जाडी, किती दिवसांनी काय करायचं, काय बिघडतं, सगळं.

दर्यासारंग

देखभालीपासून सुरुवात करतो, कारण नेमकी तीच यादीत शेवटी ढकलली जाते.

साखळीचं हवेचं मशीन असेल, म्हणजे कॉन्सेप्ट टू किंवा त्या धर्तीचं, तर लागतं एवढंच: शुद्ध मिनरल ऑइलची छोटी बाटली, तंतू न सुटणारी दोन सुती फडकी, स्वयंपाकघरात वापरतो तसा मऊ स्पंज आणि ॲलन चाव्यांचा संच.

साखळीला दर ५० तासांच्या वापरानंतर तेल द्यायचं. कपड्याची घडी करून तिच्यावर चमचाभर, म्हणजे साधारण ५ मिली तेल घ्या. हँडल ओढून साखळी पूर्ण बाहेर काढा. हे काम दोघांनी केलं तर सोपं जातं. कपडा साखळीभोवती धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मग कोरड्या फडक्याने जादा तेल पुसून टाका. ही शेवटची पायरी बरेच जण गाळतात. वर राहिलेलं तेल धूळ धरतं आणि फ्लायव्हील, म्हणजे हँडल ओढल्यावर फिरणारं पंख्याचं चाक, फिरलं की त्याचे थेंब आसपास उडतात.

डब्ल्यूडी-४० साखळीवर मारू नका. त्यातलं द्रावक कड्यांमधलं असलेलं वंगणही धुऊन काढतं. पुढचे दोन दिवस साखळी छान वाटते आणि मग करकरायला लागते.

फिरकी

यात एक महत्त्वाची भर. चुंबकीय आणि पाण्याच्या बहुतेक मशीनांत साखळी नसते, नायलॉनचा पट्टा असतो. त्याला तेल लावायचं नाही. एक थेंबही नाही. तेलाने पट्टा रिळावर घसरतो आणि प्रत्येक स्ट्रोकच्या (पायांनी ढकलून हँडल ओढणं आणि परत पुढे येणं) सुरुवातीला हिसका बसतो. पट्टा फक्त ओलसर फडक्याने पुसायचा आणि कडेचे धागे सुटलेत का ते बघायचं. कडा एकाच बाजूला झिजत असेल तर पट्टा मार्गदर्शक चाकावर तिरका बसतोय किंवा हँडल सरळ ओढलं जात नाहीये.

मितभाषी

रेलवर सिलिकॉन स्प्रे?

दर्यासारंग

नको. सीटची चाकं रेलवर लोळायला हवीत, घसरायला नको. रेल बुळबुळीत झाली की चाकं नीट फिरत नाहीत, एकाच जागी घासतात आणि त्यांना चपट्या जागा पडतात. नंतर सीट गेली-आली की टक टक आवाज येतो तो त्याचाच.

रेलवर काळसर रेघ दिसते ती चाकांची झीज, धूळ आणि घाम यांची. व्यायाम झाल्यावर लगेच ओल्या फडक्याने किंवा काच पुसायच्या द्रवाने पुसली की निघते. वाळली की चिकटून बसते आणि सीट तिथून जाताना हलकी खडखड जाणवते. त्यावर तारेची घासणी चालवू नका, रेलवर कायमचे ओरखडे उठतात. मऊ स्पंज, साबणाचं पाणी, मग कोरडं फडकं. सीट उलटी धरून चाकंही पुसा. रेल चकचकीत आणि चाकं मळलेली असं खूप ठिकाणी दिसतं.

अबोली_७

वरचं सगळं मान्य, पण प्रश्न वस्तूंचा आहे आणि बहुतेकांची तक्रार सीटचीच असते. त्याबद्दल लिहिते.

उशी घेण्याआधी दुखणं कुठलं ते ओळखायचं.

माकडहाड दुखत असेल तर आधी बसण्याची ढब तपासा. पाठ गोल करून मागे रेललं की वजन बसण्याच्या दोन हाडांवरून सरकून माकडहाडावर येतं. उशी ते दुखणं थोडे दिवस झाकते, एवढंच. कंबरेतून पुढे झुकून बसा, आणि स्ट्रोकच्या शेवटी घड्याळाच्या काट्याच्या हिशेबात ११ वाजल्याइतकंच मागे जा, १० पर्यंत नको.

बसण्याची दोन हाडंच दुखत असतील तर उशी खरंच उपयोगाची आहे.

पाय बधिर होत असेल तर नेमका किती भाग ते बघा. फक्त बोटं आणि पावलाचा वरचा भाग बधिर होत असेल तर दोष पावलावरच्या पट्ट्याचा, तो सैल करा. मांडीच्या मागून खालपर्यंत मुंग्या येत असतील तर सीटच्या कडेचा किंवा खळग्याचा दाब नसेवर येतोय. तिथे उशी मदत करते, पण जागा बदलूनही फरक पडतो. सीटवर दोन सेंटीमीटर पुढे-मागे बसून बघा. आणि अर्धा तास सलग न बसता मध्ये एकदा उठा. उठूनही बधिरपणा जात नसेल किंवा दुखणं कंबरेतून पायात उतरत असेल तर तो उशीचा विषय नाही, डॉक्टरांचा आहे.

सुतारपक्षी

अबोलीताईंच्या प्रतिसादाला जोडून, उशीची जाडी. बाजारात दीड इंचापर्यंत मिळतात. माझ्या मते १० ते २० मिमीच्या वर जाऊ नये. जाड उशीने तीन गोष्टी होतात. सीटची उंची वाढते, म्हणजे पाय तेवढे खाली गेल्यासारखं होतं. प्रत्येक ढकलीत थोडा जोर फोम दाबण्यात जातो. आणि बैठक डुगडुगते, मग तोल राखायला माणूस हँडल घट्ट आवळतो.

जाडीपेक्षा घनता महत्त्वाची. दोन्ही अंगठ्यांनी उशी दाबा. खालचा टणक पृष्ठभाग लगेच लागला तर तिच्यावर बसल्यावर हाडंही तिथेच टेकणार. जेलच्या उशांत सुरुवातीला गारगार छान वाटतं, पण स्वस्त जेल काही महिन्यांत कडेला सरकतं आणि मधोमध नुसतं कापड उरतं.

विकतच हवी असं नाही. बंद पेशींच्या फोमची १० मिमी जाडीची चटई मिळते, ट्रेकिंगला अंथरायला नेतात ती. सीटवर कागद ठेवून कडेने आकार उतरवून घ्या. त्याच्या ५ मिमी आतून फोम कापा, म्हणजे कडा बाहेर लोंबणार नाही. मागच्या बाजूला मध्यभागी माकडहाडासाठी यू आकाराची खाच ठेवा, साधारण ४ सेंमी रुंद आणि ६ सेंमी खोल. खाली ड्रॉवरमध्ये अंथरायची रबरी जाळी त्याच आकारात कापून घाला. एवढ्याने उशी हलत नाही. हा फोम घाम शोषत नाही आणि नळाखाली धुता येतो.

मितभाषी

दोन उशा एकावर एक?

अबोली_७

उशीवर उशी रचत गेलात तर सिंहासन होईल आणि पायांना फूटप्लेट (पाय टेकायची पाटी) शोधत बसावं लागेल :) नको. एक, तीही पातळ.

आणि उशी बांधायच्या पट्ट्या असतील तर त्यांची मोकळी टोकं आत खोचून घ्या. वेल्क्रोचं लोंबतं टोक चाकाखाली गेलं की सीट जागच्या जागी अडकते आणि तुम्ही मात्र वेगात असता. बांधून झाल्यावर सीट हाताने रेलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवून बघा, मगच बसा.

काठावरची

हे उत्तम. सुतारपक्षी, उशीने उंची वाढली तर फूटप्लेटची जागा बदलायची का?

सुतारपक्षी

१० मिमीला गरज नाही. २० मिमीला तपासा. पुढे पूर्ण आलात की नडग्या जवळपास उभ्या असायला हव्यात. सीट उंच झाल्यावर गुडघे सहज वाकतात आणि माणूस नडगी उभीच्याही पुढे जातो, टाच फार उचलली जाते. तसं होत असेल तर पाय एक घर वर घ्या. पट्टा मात्र नेहमी पावलाच्या सर्वांत रुंद भागावरून जावा, बोटांच्या मुळाशी. बुटाच्या नाडीची गाठ पट्ट्याखाली आली तर पट्टा फार वर आहे.

गगनभेदी

हातमोज्यांबद्दल कुणी बोलत नाही. फोड येऊ नयेत म्हणून ते हवेतच.

दर्यासारंग

माझा विरोध. फोड हँडलमुळे येत नाहीत, आवळण्यामुळे येतात. हँडल बोटांच्या आकड्यात अडकवायचं, अंगठा नुसता टेकलेला, मनगट सरळ, आणि परतीच्या वेळी बोटं सैल. मुठीत धरलं की तळहाताची कातडी बोटांच्या मुळाशी दुमडते आणि त्या घडीवरच फोड येतो.

जिमचे अर्ध्या बोटांचे पॅड असलेले मोजे तर जास्तच वाईट. पॅडमुळे हँडल जाड लागतं, ते धरायला जास्त जोर लागतो, कोपराखालचे स्नायू लवकर थकतात. आणि मोज्याची कड नेमकी त्या फोडाच्या रेषेवर येते.

गगनभेदी

ते आदर्श झालं. ज्यांची त्वचा मुळात नाजूक आहे, इसब आहे, किंवा ज्यांना दिवसभर हातांनी बारीक काम करायचंय, त्यांनी पकड सुधारेपर्यंत काय करायचं?

दर्यासारंग

रास्त मुद्दा. त्यांच्यासाठी पूर्ण बोटांचे, बिनपॅडचे, अंगाबरोबर बसणारे पातळ मोजे चालतील. तळहातावर शिवण नको. मूठ मिटल्यावर कापडाला चुण्या पडल्या तर माप मोठं आहे. किंवा कापडी झिंक ऑक्साइड टेप, फक्त दुखऱ्या बोटाला, सांधा मोकळा सोडून दोन वेढे. टेपचा चिकट गोंद हँडलवर राहतो, तो त्याच दिवशी पुसा.

हँडलवर चढवायच्या सिलिकॉनच्या नळ्या मात्र कुणालाच सुचवणार नाही. आत घाम साठतो, नळी हँडलभोवती फिरायला लागते आणि त्या फिरण्यानेच कातडी सोलते. जिम्नॅस्टिक्सची खडूची पावडरही नको. ती साखळीत आणि रेलवर जाते. हात घामेजतात त्यांनी छोटा टॉवेल जवळ ठेवावा.

अबोली_७

हँडल पुसायला ब्लीच वापरू नका, ग्रिपचं रबर आणि धातू दोन्ही खराब होतं. साबणाचं पाणी पुरतं.

खारीचा_वाटा

मॅट. यातल्या चुका मापाच्या असतात.

कॉन्सेप्ट टूचं रोअर्ग २४४ सेंमी लांब आणि ६१ सेंमी रुंद आहे. वापरताना कंपनी २७४ बाय १२२ सेंमी जागा धरायला सांगते. ट्रेडमिलसाठी विकल्या जाणाऱ्या मॅट बऱ्याचदा यापेक्षा तोकड्या असतात. मग पुढचे पाय मॅटवर आणि मागचा पाय फरशीवर. रेलचा उतार किंचित बदलतो आणि मागचा पाय फरशीवर सरकत राहतो.

लांब मॅट मिळाली नाही तर सरळ दोन तुकडे घ्या, एकाच जाडीचे. पुढच्या पायांखाली साधारण ७० बाय ४० सेंमी, मागच्या पायाखाली तेवढाच. मधली जागा मोकळी राहिली तरी बिघडत नाही, फक्त घामाचे थेंब पुसावे लागतात.

जाडी ५ ते ८ मिमी, टणक रबर किंवा घट्ट पीव्हीसी. मुलांच्या खोलीत घालतात त्या कोड्यासारख्या जुळणाऱ्या मऊ फोमच्या फरशा नकोत. मशीनचे पाय त्यात खड्डा करून बसतात, प्रत्येक स्ट्रोकला मशीन पुढे-मागे झुलतं आणि महिन्याभरात फोम तिथे कायमचा दबतो.

आणखी एक. खाली व्हिनाइलची फरशी असेल तर काळं रबर थेट टाकू नका. रबरातली रसायनं व्हिनाइलमध्ये उतरून पिवळे-तपकिरी डाग पडतात आणि ते पुसून जात नाहीत. मध्ये दुसरा थर घाला किंवा रबर नसलेली मॅट घ्या.

फिरकी

खालच्या मजल्यावर आवाज जाऊ नये म्हणून जाड मॅट घ्या असं सांगतात. ते अर्धच खरं. आवाज दोन प्रकारचा. पंख्याचा घोंघाट हवेतून पसरतो, त्याला मॅट काही करू शकत नाही. डॅम्पर (पंख्यात जाणारी हवा कमी-जास्त करणारी दांडी) खाली आणला की तो थोडा कमी होतो. जमिनीतून जाणारी थरथर मात्र मॅटने कमी होते. पण थरथरीचं मोठं कारण म्हणजे पुढे येताना सीट धाडकन आणणं. परत येताना ढकलीच्या दुप्पट वेळ घ्या. खालच्यांना मॅटपेक्षा त्याचा फायदा जास्त होईल.

गगनभेदी

डॅम्परचा विषय निघालाच आहे तर सांगतो, १० वर ठेवून व्यायाम जास्त होतो हा समज काढून टाका. कॉन्सेप्ट टूच्या पीएम५ मॉनिटरवर ड्रॅग फॅक्टर, म्हणजे पंख्याला हवेचा किती अडथळा होतो तो आकडा, बघता येतो. तो ११० ते १३० च्या आसपास बहुतेकांना बरा पडतो, साधारण डॅम्पर ३ ते ५. त्याच डॅम्परवर ड्रॅग फॅक्टर पूर्वीपेक्षा कमी दिसायला लागला तर फ्लायव्हीलच्या जाळीत धूळ अडकली आहे. व्हॅक्युम क्लीनरचं अरुंद तोंड जाळीवर फिरवा. फुंकणारी हवा आत मारू नका, धूळ आणखी आत जाते. तेव्हा व्हॅक्युमचं ते अरुंद तोंडही तुमच्या यादीत घाला, काठावरची.

काठावरची

घातलं. आता हृदयगतीचा पट्टा. हातातलं घड्याळ असताना वेगळा पट्टा खरंच लागतो का?

फिरकी

रोइंगला लागतो. घड्याळ प्रकाश टाकून मनगटातला रक्तप्रवाह मोजतं. हँडल ओढताना कोपराखालचे स्नायू आणि स्नायुबंध ताणले जातात, मनगट हलतं, घड्याळाखाली फट पडते. मग घड्याळ स्ट्रोकचा ठेकाच नाडी समजतं किंवा बराच वेळ मागे राहतं. शिवाय काही जणांचं घड्याळ मनगट वाकल्यावर हाताच्या मागच्या बाजूला रुततं.

छातीचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत घेतो, म्हणून अचूक. वापरताना इतकं पाळा:

बांधण्याआधी आतल्या दोन्ही पट्ट्या पाण्याने ओल्या करा. कोरड्या असताना पहिल्या काही मिनिटांत मध्येच २०० वगैरे आकडा उसळतो. घाबरायचं नाही, घाम आला की तो जातो. पट्टा छातीच्या स्नायूंच्या लगेच खाली बांधा. हँडल शेवटी बरगड्यांच्या खालच्या भागाशी यायला हवं. ते पट्ट्यावरच्या डबीला आपटत असेल तर तुम्ही हँडल फार वर ओढताय. वापर झाल्यावर डबी पट्ट्यावरून काढून ठेवा. ओल्या पट्ट्याला लावलेली राहिली तर तिला वाटतं अजून कुणीतरी बांधलंय आणि सेल संपत राहतो. पट्टा साध्या पाण्याने रोज खंगाळा, मिठाचा थर बसला की संकेत तुटतात.

ज्यांना छातीला बांधणं नको वाटतं त्यांनी दंडाला बांधायचा प्रकाशाचा पट्टा घ्यावा. दंडालाच, कोपराखाली नको. तिथे पकडीचे स्नायू सतत हलतात.

सुतारपक्षी

घेण्याआधी जोडणी तपासा. पीएम५ ब्लूटूथ आणि एएनटी प्लस (ब्लूटूथसारखीच दुसरी बिनतारी जोडणी) दोन्हींवर पट्टा घेतो. एएनटी प्लसचा संकेत एकाच वेळी कितीही उपकरणं ऐकू शकतात. ब्लूटूथवर मात्र बरेच जुने पट्टे एकाच उपकरणाला चिकटतात. फोनवरच्या ॲपने पट्टा आधी पकडला तर मॉनिटरला तो दिसतच नाही, आणि लोक पट्टा बिघडला म्हणून परत करतात. फोनचं ॲप पूर्ण बंद करा, मग मॉनिटरला जोडा.

चुंबकीय मशीनवाल्यांनी आधी हे बघावं की मशीन ब्लूटूथवर एफटीएमएस हा सामायिक प्रकार बोलतं का. बोलत असेल तर बाहेरची व्यायामाची ॲप्स त्याच्याशी जुळतात. नाहीतर फक्त कंपनीचंच ॲप चालतं, आणि टॅबलेट होल्डर घेऊन करणार काय, हा प्रश्न उभा राहतो.

मितभाषी

होल्डर कसा असावा?

खारीचा_वाटा

फोनसाठी पीएम५ वर मुळात जागा आहे, वेगळं काही नको. टॅबलेटचं वजन अर्ध्या किलोच्या आसपास असतं. तो मॉनिटरच्या दांडीच्या टोकाला लावला की दांडी सांध्यातून हळूहळू खाली येते, स्क्रू कितीही आवळा. दांडीच्या बुडाशी, फ्लायव्हीलच्या जवळ पकडणारा होल्डर घ्या. पकडीच्या आत रबर हवं.

उंची अशी ठेवा की मान सरळ ठेवून नजर समोर पडेल. पडदा खाली असेल तर हनुवटी छातीकडे जाते, मागोमाग पाठ गोल होते आणि अबोलीताईंनी वर सांगितलेलं माकडहाडाचं दुखणं सुरू होतं. समोर भिंतीजवळ वेगळ्या स्टँडवर पडदा ठेवणं सगळ्यात चांगलं.

गगनभेदी

थोडं अवांतर. पडद्यावर सिनेमा लावलात तरी ५०० मीटरचा वेग डोळ्यांआडून जाऊ देऊ नका. कॉन्सेप्ट टूच्या सूत्रात वॅट वेगाच्या घनाने वाढतात. २:१० चा वेग (५०० मीटरला २ मिनिटं १० सेकंद) म्हणजे साधारण १५९ वॅट, २:०० म्हणजे साधारण २०३. दहा सेकंद कमी करायला साधारण २७ टक्के जास्त ताकद. नाडी आणि हा आकडा एकत्र बघण्यातच पट्ट्याचा खरा उपयोग आहे.

अबोली_७

बुटांबद्दल कुणीच लिहिलं नाही. धावण्याचे जाड, मऊ तळव्यांचे बूट घालू नका. ढकलीचा पहिला जोर फोम दाबण्यात जातो आणि पाऊल कडेला कलतं. पातळ, टणक, सपाट तळ हवा.

फिरकी

सपाट तळ सगळ्यांना नाही. घोटा ताठ असलेल्यांची नडगी सपाट बुटात उभी होतच नाही. ते कंबर जास्त वाकवून ती कसर भरून काढतात. त्यांना टणक आणि किंचित उंच टाचेचे बूट बरे. वेटलिफ्टिंगचे बूट असतील तर तेच वापरून बघा. टाचेखाली सेंटीमीटरभर जाडीची कडक पाचर घातली तरी फरक कळतो. कडक हवी, स्पंजची नको.

अबोली_७

हे बरोबर. मग असं म्हणू या: टणक तळ सगळ्यांना, टाचेची उंची घोट्याप्रमाणे.

काठावरची

पाण्याच्या मशीनवाले कुणी आहेत का? त्यांची यादी वेगळी असेल ना?

दर्यासारंग

वेगळी आहे, पण छोटी. क्लोरीनच्या गोळ्या आणि पाणी भरायचा-उपसायचा हातपंप. वॉटररोवर कंपनीच्या मशीनसोबत हातपंप मिळतो. तो फेकू नका, पाणी बदलताना लागतोच.

नळाचं पाणी चालतं. टाकीवरच्या खुणेच्या वर भरायचं नाही. जास्त पाणी म्हणजे जड होडी ओढल्यासारखं, कमी पाणी म्हणजे हलकी. गोळी साधारण सहा महिन्यांनी एक. पण तारखेपेक्षा पाण्याकडे बघा. मशीन उन्हात असेल तर क्लोरीन लवकर उडतं आणि पाणी हिरवट, गढूळ दिसायला लागतं. मशीन खिडकीपासून हलवा किंवा टाकीवर कापड टाका. घरातलं ब्लीच किंवा पोहण्याच्या तलावाचं क्लोरीन घालू नका, टाकीचं पॉलिकार्बोनेट त्याने खराब होतं.

मशीन उभं करून ठेवत असाल आणि घरात लहान मुलं असतील तर भिंतीला बांधून ठेवायची पट्टी आधी घ्या, बाकी सगळं नंतर.

गगनभेदी

स्लाइड्सचं काय? मशीनखाली घालायची सरकती चौकट.

सुतारपक्षी

मशीनच्या पुढच्या आणि मागच्या पायांखाली ठेवतात. त्यामुळे शरीर जवळपास जागच्या जागी राहतं आणि मशीन खालून मागे-पुढे जातं, पाण्यात होडी जाते तसं. प्रत्येक स्ट्रोकला स्वतःचं पूर्ण वजन थांबवून उलट दिशेला न्यावं लागत नाही, म्हणून स्ट्रोक रेट (मिनिटाला होणारे स्ट्रोक) आपोआप वाढतो आणि पुढच्या टोकाला कंबरेवर येणारा ताण कमी होतो. मात्र ढकल आणि परत येणं यांचा ठेका बसलेला नसेल तर मशीन स्लाइडच्या टोकाला आपटतं. जमीन सपाट हवी, नाहीतर मशीन उताराकडे सरकत राहतं. पुढे-मागे जागाही जास्त लागते. प्रत्यक्ष नदीत वल्हवणाऱ्यांना उपयोगाच्या, नवख्यांनी थांबावं.

मितभाषी

कव्हर?

खारीचा_वाटा

धूळ असेल तर जुनी सुती चादर. प्लास्टिकचं कव्हर व्यायामानंतर लगेच घातलं तर घामाची वाफ आतच अडकते आणि साखळीवर गंजाचे ठिपके येतात. मशीन पुसून, वाळू देऊन मग झाका.

काठावरची

आता मूळ प्रश्नावर येते. पहिल्या महिन्यात फक्त दोनच वस्तू घ्यायच्या म्हटलं तर?

दर्यासारंग

साखळीचं मशीन असेल तर तेल आणि फडकी ही एक, छातीचा पट्टा ही दुसरी.

खारीचा_वाटा

पट्ट्याऐवजी मॅट. फरशीवर मशीन सरकत असेल तर पट्ट्यावरचा आकडा बघायला मन लागणार नाही.

अबोली_७

मॅट आणि योग्य बूट. घरात टणक तळाचे बूट आधीच असतील तर दर्यासारंग म्हणतात तसा पट्टा. उशी महिन्याभराने, तीही हाडं दुखली तरच.

काठावरची

चालेल. पट्ट्याबद्दल एक राहिलं. सेल कुठला लागतो? सगळ्यांना एकच का?

सुतारपक्षी

नाही. बऱ्याच पट्ट्यांना सीआर२०३२ लागतो, पोलर एच१० ला सीआर२०२५. दोन्ही २० मिमी व्यासाचे, दिसायला सारखेच. पण पहिला ३.२ मिमी जाड, दुसरा २.५ मिमी. जाड सेल बळेच बसवला तर झाकण नीट मिटत नाही आणि घाम आत जातो. पातळ सेल जाडाच्या जागी घातला तर मध्येच संपर्क तुटतो. जुना सेल काढून त्यावरचा आकडा वाचा आणि तोच आणा. झाकणाखालची रबरी रिंग जागेवर आहे ना, तेही बघा.

पीएम५ ला दोन मोठे डी सेल लागतात. वल्हवताना तो फ्लायव्हीलवरून वीज घेतो, त्यामुळे ते बरेच टिकतात. मशीन काही महिने बंद ठेवणार असाल तर काढून ठेवा. आत फुटले तर संपर्काच्या पट्ट्या खातात.